हजेरी घेणारं कुणीतरी हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली दर थोड्या आठवड्यांनी एक लेख असतोच, आनंदी कसं राहावं, रोजच्या जगण्यात अर्थ कसा शोधावा वगैरे, आणि मी ते सगळे वाचते, अगदी खालच्या चौकटीतल्या टिप्ससकट. पहाटे पाचला उठा, मोबाईल लांब ठेवा, रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा, श्वासाकडे लक्ष द्या, स्वतःसाठी वेळ काढा. वाईट त्यात काहीच नाही, त्यातलं थोडंफार मीही करते. पण या सगळ्या यादीत दुसरं माणूस कुठेच नाहीये हो! उठायचं एकटीने, लिहायचं एकटीने, श्वास तर काय एकटीचाच असतो. सुख म्हणजे जणू दार लावून करायचा गृहपाठ. मला यावर लिहायचं होतं, लिहिता लिहिता पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त शेवटी एक विनंती केलीय तेवढी कापू नका.

मी डोंबिवलीची, नोकरी सरकारी, ऑफिस फोर्टला. म्हणजे आयुष्याचा मोठा तुकडा मध्य रेल्वेच्या लेडीज सेकंड क्लासमध्ये गेला. आमचा ग्रुप होता सकाळच्या अंबरनाथ फास्टचा. त्यात कुणाचं आडनाव कुणाला नीट माहीत नव्हतं, अंबरनाथच्या काकू, बँकवाली, कॉलेजवाली (ती कॉलेजच्या ऑफिसात होती आणि वय पंचेचाळीस, तरी नाव तेच), लग्नाची पत्रिका हातात आली की मग कळायचं अरेच्चा, ही अमुक होय. अंबरनाथहून बसून येणाऱ्या ठाणं गेलं की उठायच्या आणि उभ्या असलेल्यांना बसवायच्या, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता पण मोडलेला मी फार कमी वेळा पाहिला. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून मेथी निवडणं, मटार सोलणं, कुणाच्या मुलीला दहावीत गणितात कमी पडले तर कुठला क्लास लावायचा यावर भांडुपपर्यंत चर्चा. संक्रांतीनंतर डब्यात हळदीकुंकू व्हायचं, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीतर साबणाच्या वड्या. दसऱ्याच्या आधी डब्याला झेंडूच्या माळा, फोटोची पूजा आणि मोटरमनला पेढे. एकीचं डोहाळेजेवण केलेलं चालत्या गाडीत, हिरवी साडी, फुलांचे दागिने सगळं, घाटकोपरला चढलेल्या एका बाईला वाटलं शूटिंग आहे.

हे सगळं तुम्ही बातम्यांतून छापलेलंच आहे, फोटोसकट. मला जे सांगायचंय ते फोटोत येत नाही. ते म्हणजे एखादी आली नाही की लगेच कळायचं. मोबाईल नव्हते तेव्हा दुसऱ्या दिवशी चढल्या चढल्या पहिला प्रश्न, काल कुठे होतीस? मोबाईल आल्यावर तर कुर्ला यायच्या आत फोन. त्यात काळजी किती आणि उत्सुकता किती हे विचारू नका, पण आपण नसलो तर तेवढ्या जागेत एक फट पडते आणि ती कुणाच्या तरी डोळ्यांना दिसते, हे रोज सकाळी माहीत असायचं. ऑफिसातही मस्टर होतंच की, पण ते पगार कापायला. हे मस्टर बिनपगारी.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, लोकलच्या भजनी मंडळातले. पुरुषांच्या डब्यात ही मंडळं असतात, टाळ, ढोलकी, ती नसेल तर डब्याच्या पत्र्यावर ठेका, एक जण सांगणार बाकीचे झेलणार. (ज्यांना त्या वेळी झोप काढायची असते त्यांना याचा त्रास होतो, त्यांची तक्रारही खरीच आहे.) तर हे काका रिटायर झाले तरी पास काढत राहिले. सकाळी आवरून, डबा न घेता, त्याच गाडीने सीएसएमटीला जायचे आणि उतरून लगेच डाऊन गाडीने परत. कामधंदा नाही, नुसतं भजनापुरतं जायचं. बिल्डिंगमध्ये हसायचे लोक. मी हसत नव्हते पण कोडं होतं मला, की ज्या गर्दीतून सुटायची बाकीचे वाट बघतात तिच्यात हा माणूस पदरचे पैसे घालून का जातो.

त्याचं उत्तर मिळालं २०२० मध्ये. २३ मार्चपासून लोकल बंद झाली, आणि १५ जूनला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. राज्य सरकारी कर्मचारी म्हणून मला जाता येत होतं. १२०० जणांच्या बसायच्या गाडीत ७०० जणच घ्यायचे असं ठरलं होतं, त्यामुळे उभं राहायचा प्रश्नच नाही. जिच्यासाठी इतकी वर्षं कोपरं मारली ती खिडकी मिळाली, वारा खात बसले, मुंब्र्याची खाडी पहिल्यांदा नीट पाहिली आणि शेजारी सांगायला कुणी नाही. बँकवाली येत होती पण तिची वेळ वेगळी. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या बायकांना परवानगी मिळाली तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर, म्हणजे आमच्या वेळेला नाहीच. पुढे सगळं सुरळीत झालं तोपर्यंत ग्रुप विस्कटलेला, एक रिटायर, एकीचं वर्क फ्रॉम होम, एक गेलीच. नव्या बायका आल्या, त्यांचे नवे ग्रुप झाले, चांगल्या होत्या त्या, पण मी त्यांच्या मोजणीत नव्हते.

कुणी लगेच असं समजू नका की ही बाई लोकलच्या गर्दीचे गोडवे गातेय. अजिबात नाही. कोरोनाची वर्षं सोडली तर दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं या मुंबईच्या रुळांवर जीव गमावतात, ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं धावत्या गाडीतून पडली ते सगळ्यांनी वाचलंय, आणि प्रत्येक वेळी जे 'मुंबई स्पिरिट' म्हणून कौतुक होतं ते ऐकून माझं डोकं फिरतं. लोकांना दुसरा पर्याय नाही म्हणून ते दुसऱ्या दिवशी परत चढतात. आम्ही त्या डब्यात जे काही सुखाचं केलं ते गर्दीमुळे नाही, गर्दी असूनही केलं. गाड्या वाढवा, डबे वाढवा, दारं बंद होणाऱ्या गाड्या आणा, हळदीकुंकू आम्ही कुठेही करू.

मग मी रिटायर झाले. शाल, नारळ, भाषणं, ऑफिसातल्या लोकांनी कधी केलं नव्हतं एवढं कौतुक केलं. मुलगा म्हणाला आई आता एन्जॉय कर, आणि एका टूरचं बुकिंग करून टाकलं. काश्मीर बघितलं, सुंदरच आहे, बसमधल्या बायकांशी गट्टी जमली, अंताक्षरी झाली, फोटो झाले, आणि मुंबईला विमान उतरल्यावर पट्ट्यावरून आपापल्या बॅगा उचलून सगळ्या आपापल्या दिशेला. व्हॉट्सॲप ग्रुप आहे अजून. सकाळी गुलाबाची फुलं येतात, सणाला कंदील येतात. पण त्या ग्रुपवर मी महिनाभर काही टाकलं नाही तर कुणाला पत्ता लागणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कुणाचा लागत नाही. ट्रिप ही आठ दिवसांची चैन झाली, मी रोजच्या सुखाबद्दल बोलतेय. सोमवारी दुपारी साडेतीन वाजता, ज्या वेळेला काहीच घडत नसतं, तेव्हा माणसाने काय करायचं?

यावर जगात बरंच संशोधन झालंय म्हणे आणि तुमच्या लेखांतूनच मी ते वाचत असते. हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी १९३८ पासून ७२४ पुरुषांना (बायका नंतर आल्या, नेहमीप्रमाणे) आयुष्यभर प्रश्न विचारले, तपासण्या केल्या, आणि म्हातारपणी सुखी आणि धडधाकट कोण राहिलं तर ज्यांची माणसांशी नाती चांगली होती ते, असं त्यातून पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटना २०२५ मध्ये म्हणाली की जगात दर सहा माणसांमागे एक एकाकी आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणासाठी मंत्री नेमला, जपानने २०२१ मध्ये. आपल्याकडे असा मंत्री नेमला तर त्याला बंगला कुठला द्यायचा यावरून भांडणं होतील, ते जाऊ दे.

आणि तो दरवर्षीचा जागतिक आनंद अहवाल, ज्यात फिनलंड पहिला येतो. २०२५ मध्येही आलाच, सलग आठव्या वर्षी, आणि आपण १४७ देशांत ११८ वे. आपल्याकडे यावर लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो बघा देशाची अवस्था, दुसरा म्हणतो हे परदेशी लोकांचं कारस्थान. मुळात त्यात विचारतात काय तर ० ते १० अशी शिडी समजा, वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने सगळ्यात चांगलं आयुष्य, खालची म्हणजे सगळ्यात वाईट, तुम्ही आत्ता कुठल्या पायरीवर? त्यावरून नंबर लागतो. पण मला त्या अहवालातल्या दोन वेगळ्याच गोष्टी आवडल्या. एक म्हणजे लोक आठवड्यात किती जेवणं दुसऱ्या कुणाबरोबर जेवतात हे त्यांनी पाहिलं, आणि जे सोबत जेवतात ते जास्त समाधानी असतात असं दिसलं. आता हे वाचून मान डोलवण्याआधी मला विचारावंसं वाटतं की आपल्याकडे ज्या घरात सगळ्यांना गरम पोळ्या वाढून बाई शेवटी ओट्याशी उभ्या उभ्या उरलेलं जेवते, तिचं जेवण कुठल्या रकान्यात धरायचं? घर भरलेलं आणि जेवण एकटीचं. माझ्या आईचं आयुष्य तसंच गेलं. म्हणून एकत्र कुटुंब असलं की सुख आलंच, हे जे आपल्याकडे उठसूट लिहितात ते मला पटत नाही. घरातल्या माणसांना आपण दिसतोच असं नसतं.

दुसरी गोष्ट पाकिटाची. आपलं पाकीट हरवलं तर सापडलेला माणूस परत करेल का, असं विचारलं की लोक फार कमी शक्यता सांगतात, आणि प्रत्यक्षात पाकिटं टाकून पाहिली तेव्हा लोकांना वाटतं त्याच्या साधारण दुप्पट प्रमाणात परत आली. हे वाचल्यावर मला आमच्या मामाने सांगितलेली वारीतली समाजआरती आठवली. मामा बरीच वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालला. त्या सोहळ्यात दिंड्यांना नंबर असतात, काही रथापुढे, काही रथामागे, आणि चालायची जागा ठरलेली. संध्याकाळी तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार दंड वर करून हाळी देतात आणि एका क्षणात सगळं गप्प. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवणं थांबवत नाही. चोपदार तिकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, मगच ते टाळ थांबतात. नंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारतात, अमक्याचं घड्याळ, तमक्याची पिशवी, आणि मग आरती. एवढा लाखांचा समुदाय, भक्ती वगैरे सगळं आहेच, पण देवाच्या आरतीच्या आधी कुणाची पिशवी हरवली ते विचारतात! मामा म्हणायचा पंढरपूरला दर्शन मिळेल न मिळेल, मी कळसाला हात जोडून परत येतो, पण दिंडीतल्या माझ्या ओळीत माझ्या उजव्या हाताला कोण हे मला झोपेतून उठवून विचार.

हास्यक्लबचंही मला तसंच दिसतं. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला, आधी विनोद सांगून हसायचे, दोनेक आठवड्यांत सांगण्यासारखे विनोद संपले (उरले ते बायकांवरचे आणि चावट, ते कुणी ऐकून घेणार नाहीच), मग बिनविनोदाचं नुसतंच हसायचं ठरलं आणि तीच पद्धत जगभर गेली. आमचे हे जातात रोज सकाळी. सुरुवातीला मला ते हात वर करून हा हा हा करणं बघवत नव्हतं. पण मी पाहिलंय, हसणं संपतं वीस मिनिटांत आणि नंतर गेटबाहेरच्या टपरीवर चहा चालतो तासभर. तिथे काल कोण आलं नव्हतं, का आलं नव्हतं, मोतीबिंदू कुणाचा झाला, कुणाची मुलगी बाळंतपणाला आलीय. एक जण सलग दोन दिवस आले नाहीत तेव्हा दोघं जण घरी गेले बघायला, तर ते गृहस्थ बाथरूममध्ये पडून पाय मोडून घेऊन घरात, मुलगा परदेशात, शेजारी गावाला. हसण्याने फुप्फुसं सुधारतात का मला माहीत नाही, या माणसाला हॉस्पिटलात मात्र त्या क्लबने नेलं.

पुरुषांना याची जास्त गरज असते असं मला वाटतं कारण बायका कुठेही, रांगेत, भाजीवाल्यापाशी, दोन शब्द बोलून घेतात. पुरुष रिटायर झाला की आधी घरातल्या डब्यांना लेबलं लावायला घेतो आणि मग घरातले वैतागतात.

माझं स्वतःचं गाडं मार्गी लागलं ते वाचनालयामुळे, आणि तेही वाचनामुळे नाही. आमच्या घराजवळ एक जुनं छोटं वाचनालय आहे, मी दिवाळी अंकांच्या योजनेची वर्गणी भरायला गेले होते. तिथल्या ग्रंथपाल बाई एकट्या, समोर पुस्तकांचा ढीग, कव्हरं निघालेली, शिवण उसवलेली. मी सहज म्हटलं देऊ का हात. म्हणाल्या बुधवारी या. तेव्हापासून बुधवारी दुपारी मी जाते. खळ लावून कापडी पट्टी चिकटवायची, दाखल क्रमांक नीट दिसत नसेल तर परत घालायचा, हरवलेलं पान झेरॉक्स करून लावायचं. मला एक पैसा मिळत नाही, त्यांनाही फार काही मिळतं असं नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार अनुदान मिळणारी अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत, अ ब क ड वर्गातली, आणि ड वर्गातल्या वाचनालयाचं अनुदान किती तुटपुंजं असतं ते तुम्ही कधीतरी छापा. पण ते वेगळं पत्र होईल.

तर तिथे आता आम्ही चौघी-पाच जणी झालोय. एक रिटायर्ड नर्स, तिचे टाके असे सुरेख येतात की पुस्तक फाटलं होतं हे कळत नाही. एक मुलगी, एमपीएससीचा अभ्यास करायला तिथे बसते आणि कंटाळा आला की पट्ट्या कापून देते. शिवाय एक आजोबा, त्यांना हाताला कंप आहे त्यामुळे खळ लावता येत नाही, ते नुसते बसून कुठलं पुस्तक कुणी कधी नेलं होतं ते सांगत बसतात आणि आम्ही त्यांना ओरडत असतो की आजोबा मध्ये हात घालू नका. मागे मला ताप होता, कळवायचं राहिलं, तर साडेचारला ग्रंथपाल बाईंचा फोन, अहो येताय ना, खळ केलीय, वाळून जाईल. तब्येत कशी आहे वगैरे नंतर, आधी खळ! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. काळजी करणारी माणसं असतात आपल्याला, मुलगा रोज फोन करतो, पण आपल्यावाचून कुणाची तरी खळ वाळतेय हे वेगळंच असतं.

माझी सून हे ऐकून म्हणते आई तुम्हाला ते आवडतं, मला नाही, मला कुणी विचारू नये कुठे चाललीस, किती वाजता आलीस, पगार किती, दुसरा चान्स कधी घेणार. तिचं बरोबर आहे. ज्या माणसांत आपण जन्माला आलो, लग्न होऊन गेलो किंवा फ्लॅट घेतला, त्यांनी आपली हजेरी घेणं आणि आपण होऊन ज्यांच्यात गेलो त्यांनी घेणं यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. पहिलीतून पळून जावंसं वाटतं. पण मजा म्हणजे हीच सून महिन्यातून एकदा ट्रेकला जाते, कळसूबाई झालं, राजगड झाला, आणि तिथला त्यांचा लीडर म्हणे दर टप्प्यावर माणसं मोजतो, सगळ्यात मागे एक जण ठेवलेला असतो आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. अंधारात उतरताना तो मागून आकडा ओरडतो तेव्हा कसं वाटतं ते ती इतकं रंगवून सांगत होती की मी म्हटलं बाई ग, मग मी दुसरं काय सांगतेय?

ग्रुप म्हटला की त्याची वाईट बाजूही आलीच, ती मी झाकत नाही. लोकलचे ग्रुप नव्या बाईला जागा मिळू देत नाहीत, विरार गाडीत बोरिवलीवाल्यांचे काय हाल होतात ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याही ग्रुपमध्ये एका बाईच्या डब्यातला वास एकीला सहन व्हायचा नाही आणि तो वासाचा प्रश्न नव्हता हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. हळदीकुंकवाला विधवा मैत्रिणीला बोलवायचं की नाही यावर एकदा ठाण्यापर्यंत भांडण झालं, अंबरनाथच्या काकूंनी कुणालाच न विचारता सरळ तिला पहिलं कुंकू लावलं आणि विषय संपवला. अशी एखादी काकू असली तर ठीक, नसेल तर ग्रुप फार लवकर कुंपण होतो.

आणि मुख्य म्हणजे हे सगळं करायला वेळ लागतो, जो सगळ्यांकडे नसतो. माझ्याकडे भांड्याला येणारी बाई पहाटे उठून, घरचं करून, चार घरची कामं करते, तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की बुधवारी दुपारी वाचनालयात ये. तरी तिनेही आपलं शोधून काढलंय. त्या बारा जणींची भिशी आहे, महिन्याच्या एका रविवारी एकीच्या घरी जमायचं, ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी उचलायची, ज्या बाईचं नाव निघेल तिला सगळे पैसे, आणि नियम असा की पैसे दुसरीच्या हाती पाठवायचे नाहीत, स्वतः यायचं. का, तर मागे एक जण दोन महिने दुसरीच्या हाती पैसे पाठवत होती आणि नंतर कळलं की नवरा मारत होता, तोंड सुजलेलं म्हणून येत नव्हती. तेव्हापासून हा नियम. भिशीत व्याज मिळत नाही, बँकेत टाक असं मी तिला शहाणपणाने सांगणार होते, हे ऐकल्यावर गप्प बसले.

तर आता विनंती. पूर्वी तुमच्या पेपरात आतल्या पानावर 'आजचे कार्यक्रम' असं बारीक टायपातलं सदर असायचं, व्याख्यान कुठे, कीर्तन कुठे, प्रवेश विनामूल्य वगैरे. ते हळूहळू बारीक होत होत आमच्या आवृत्तीतून गेलंच, कदाचित त्याला जाहिरात मिळत नसेल. ते परत सुरू करा. पण त्यात मोठ्या हॉलमधले, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलनवाले कार्यक्रम नकोत, त्यांचे फ्लेक्स लागलेलेच असतात. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जे होतं ते छापा. कुठल्या देवळात गुरुवारी भजन असतं आणि नवशिक्याला टाळ धरू देतात का. कुठल्या बागेत हास्यक्लब आहे. कुठल्या वाचनालयाला बाइंडिंगला, कुठल्या शाळेला दुपारी मुलांना वाचून दाखवायला माणूस हवंय. बुद्धिबळ कुठे खेळतात, पत्ते कुठे खेळतात, रविवारी टेकडीवर झाडांना पाणी घालायला कोण जातं. आनंदाच्या लेखाला तुम्ही अख्खं पान देता फोटोसकट, त्यातला पाव द्या.

माहिती गोळा करायला बातमीदार नसेल तर आम्ही वाचक पाठवू, मी डोंबिवली पूर्वेची यादी करायला घेतलीसुद्धा आहे. फक्त छापताना चार गोष्टी न चुकता टाका, वार आणि वेळ, नेमकी जागा, वर्गणी आहे का, आणि जिना किती चढायचाय, कारण आमच्या वाचनालयाला लिफ्ट नाही आणि बरीच जण दुसऱ्या मजल्याचं नाव ऐकूनच परत फिरतात. त्यांच्यासाठी हवं तर आम्ही खळ आणि पट्ट्या खालच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर घेऊन बसू, दुकानदाराला विचारून ठेवलंय, तो हो म्हणालाय.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)